नाताळला काय लावायचं?

डिसेंबर लागला, नाशिकला स्वेटर बाहेर निघाले की आमच्या घरी कामांची वाटणी होते. करंज्या, चकल्या, शंकरपाळे बायको आणि वहिनींकडे. गोठा आणि चांदणी पोरांकडे. आणि "गाणी लावणं" माझ्याकडे. हे खातं माझ्याकडे येण्याचं कारण माझी संगीतातली जाण वगैरे मुळीच नाही. घरात पहिला टेपरेकॉर्डर मी आणला होता, एवढंच. मग कॅसेट गेल्या, सीड्या आल्या, त्याही गेल्या, आता मोबाइल आणि एक हातभर उंच स्पीकर आहे. खातं मात्र माझ्याकडेच राहिलं.

बाहेरच्याला वाटेल, सगळ्यात सोपं काम याने पदरात पाडून घेतलंय. तसं नाही हो. करंजी बिघडली तर पाहुणे गुपचूप खातात आणि "छान झाल्यात" म्हणतात. गाणं बिघडलं की सगळ्यांना मत असतं. एकाला चर्चमधली गाणी हवीत, एकाला जिम रीव्हज, एकाला काहीतरी "हॅपी". आणि मला स्वतःला बाख लावायचा असतो, जो माझ्याशिवाय कोणालाच नको असतो.

तर गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. तिथूनच हे सगळं डोक्यात घोळतंय.

२४ तारखेची संध्याकाळ. घरात वीसेक माणसं. भाची तिच्या तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन पुण्याहून आलेली. आमची आत्या, वय वर्षे ८६, दाराजवळच्या खुर्चीत शाल गुंडाळून बसलेली. भाचा आधीच म्हणाला होता, "मामा, या वेळी मी लावतो. तुझी गाणी ऐकून झोप येते." म्हटलं लाव बाबा. त्याने चांगली दोन तासांची यादी करून आणली होती. 'जिंगल बेल्स' तीन-चार प्रकारचं, प्रत्येकाखाली तो धडधडणारा ठेका. काचेच्या कपाटातल्या बश्या वाजायला लागल्या. पोरं नाचत होती, मलाही गंमत वाटत होती, खोटं का बोला.

आतल्या खोलीत बाळ दचकून उठलं आणि जे रडायला लागलं! भाची तिला घेऊन बाहेर आली, कोणीतरी घाईघाईने स्पीकरची वायरच ओढली. एकदम शांतता. फक्त बाळाचं रडणं. आणि त्या शांततेत आत्याने हात पुढे केले, बाळ मांडीवर घेतलं आणि पाळणा म्हणायला सुरुवात केली. येशूचा पाळणा. मी तो लहानपणी ऐकला होता, मधल्या पंचवीस-तीस वर्षांत पार विसरलो होतो.

बाळ लगेच झोपलं असं मी म्हणणार नाही. ते रडायचं तेवढं रडलं आणि दमून झोपलं. पण आत्या दोन कडवी म्हणून तिसऱ्याला अडली. पहिला शब्द आठवेना. तिने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. कीर्तनात बुवा अडले की मागचा माणूस शब्द पुरवतो ना, तसं कोणीतरी पुरवेल म्हणून. वीस माणसांत एकालाही येत नव्हतं. "विसरले गं," असं म्हणून ती हसली, आम्ही "छान झालं आत्या" म्हणालो आणि कॉफीचे कप फिरले.

रात्री उपासनेला गेलो तरी माझ्या डोळ्यांसमोर तिची ती नजर होती. आमच्या उपासना संगीताच्या पुस्तकात तो पाळणा नाही. आत्याला तिच्या आईने शिकवला, आईला तिच्या आईने. म्हणजे शरणपूरच्या जुन्या दिवसांपर्यंत हा धागा जातो. (शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात नाशिकला लागून वसवलेली ख्रिस्ती वस्ती. आता शहराच्या पोटात गेली आहे, नाशिककरांना शरणपूर रोड माहीत असतो, वस्ती कशी झाली ते फारसं माहीत नसतं.) एवढ्या पिढ्या आलेली गोष्ट आमच्या बैठकीच्या खोलीत, वीस माणसांच्या देखत संपायला आली होती आणि स्पीकर माझा होता.

तेव्हापासून माझं एक मत बनलं आहे. साधंच आहे. नाताळ हा जन्माचा सण आहे. आपल्याकडे जन्माच्या घरी काय म्हणतात? पाळणा. बारशाला पाळणा. रामनवमीला भर दुपारी बारा वाजता पंचवटीत पाळणा. गोकुळाष्टमीला मध्यरात्री पाळणा. मग आमच्या सणाच्या आदल्या रात्रीसाठी कसोटी वेगळी कशाला शोधायची? जे संगीत झोपलेल्या तान्ह्या मुलाच्या उशाशी लावता येईल ते २४ च्या रात्री लावावं. बाकीचं २५ च्या दुपारी, पोटभर जेवणानंतर, खुशाल.

ही कसोटी लावली की बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर बसतात. 'जिंगल बेल्स'चंच घ्या. १८५७ साली अमेरिकेत जेम्स पियरपॉन्ट या गृहस्थाचं हे गाणं छापलं गेलं तेव्हा त्याचं नाव 'वन हॉर्स ओपन स्ले' असं होतं. बर्फावरून घसरगाडी पळवणाऱ्या तरुण मंडळींचं गाणं आहे ते. त्यात येशू नाही, मरिया नाही, गोठा नाही, अख्ख्या गाण्यात ख्रिसमसचं नावसुद्धा नाही! गाणं झकास आहे, घोड्याच्या टापांचा ताल पकडलाय. पण आमच्याकडे ना बर्फ ना घसरगाडी. बाळाच्या उशाशी घोडा कशाला पळवायचा?

उलट 'सायलेंट नाइट' बघा. १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री, ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ या लहानशा गावात ते पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योसेफ मोर या धर्मगुरूंचे, चाल फ्रान्झ ग्रुबर या शाळामास्तरांची आणि साथीला एक गिटार. लोकांनी त्याला मोठमोठ्या वाद्यवृंदांचे कपडे चढवले, पण मुळात तो पाळणाच आहे. लय झुलती, सूर खालचे. म्हणून तर त्याचं मराठी रूप आमच्या आज्यांना परकं वाटलं नाही.

आता माझा बाख. मंडळी, इथे थोडं सहन करा, मोजकंच लिहितो.

मुंबईला नोकरीला होतो तेव्हा एका गोव्याच्या सहकाऱ्याने मला एक कॅसेट दिली होती. त्यात इटलीच्या कोरेल्लीचा एक कॉन्चेर्तो होता. हे गृहस्थ १७१३ साली वारले आणि तो संग्रह १७१४ मध्ये छापून आला. या आठव्या कॉन्चेर्तोवर नाताळच्या रात्रीसाठी केला असं लिहिलेलं आहे. त्याचा शेवटचा भाग ऐकला आणि मी चमकलो. वर सुरावट संथ झुलते आहे आणि खाली एकच सूर धरून ठेवलेला. सनईवाला वाजवत असतो आणि शेजारचा नुसता सूर देत बसतो, अगदी तसं! पुढे वाचल्यावर कळलं, तिकडचे मेंढपाळ नाताळच्या सुमाराला डोंगर उतरून रोमला यायचे आणि मरियेच्या तसबिरींपुढे आपली वाद्यं वाजवायचे. एक सनईच्या जातीचं आणि एक कातडी पिशवीचं, सूर धरणारं. कोरेल्लीने ती खेड्यातली वाद्यं व्हायोलिनवर उतरवली. हँडेलनेही 'मसाया'त तेच केलंय. पहिल्या भागात मेंढपाळांचा प्रसंग येतो त्याच्या आधी फक्त वाद्यांचा एक लहानसा तुकडा आहे, तोसुद्धा असाच धरलेल्या सुरावर झुलणारा.

'मसाया'वरून आठवलं. नाताळला सगळे त्यातलं 'हालेलूया' लावतात. तुम्हीही लावत असाल, लावा. पण ते जन्माचं गाणं नाही. ते दुसऱ्या भागाच्या शेवटी येतं, क्रूस आणि पुनरुत्थान होऊन गेल्यावर. हँडेलने ही रचना १७४१ मध्ये सुमारे २४ दिवसांत लिहिली आणि पहिला प्रयोग झाला तो १३ एप्रिल १७४२ ला डब्लिनमध्ये, म्हणजे नाताळला नाहीच. त्याचे पैसे दवाखान्यांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्या लोकांना सोडवायला दिले गेले. मला हे कळल्यापासून ते गाणं जास्तच आवडतं, पण २४ च्या रात्री मी पहिला भागच लावतो.

आणि बाखची गंमत तर ऐकाच. त्याचा 'ख्रिसमस ऑराटोरिओ' १७३४ च्या नाताळपासून पुढे सहा दिवसांच्या उपासनांत विभागून गायला गेला. त्यात येशूसाठी एक पाळणा आहे, माझ्या मते जगातल्या सुंदर पाळण्यांपैकी एक. पण ती चाल मूळ त्या पाळण्याची नाही! आदल्या वर्षी एका राजपुत्राच्या अकराव्या वाढदिवसासाठी बाखने केलेल्या गाण्यातली आहे. तिथे 'सुखासक्ती' नावाचं पात्र तरुण हर्क्युलीसला भुलवायला म्हणतं की झोप, आराम कर, कशाला कष्ट करतोस. भुरळ घालायची चाल उचलून बाखने गव्हाणीजवळ आणून ठेवली. आमच्या आत्याने हे ऐकलं असतं तर म्हणाली असती, चाल बिचारीचा काय दोष.

हे सगळं भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, हे सगळं भारी आहे, पण यात आपण कुठे आहोत? आपण फक्त ऐकायचं?"

पोरगं बोललं बरोबर. कितीही सुंदर असला तरी बाख आमच्या घरी कोणी गाणार नाही. तो ऐकायचा. आणि नुसतं ऐकून आत्याची नजर चुकवता येत नाही. तिला शब्द पुरवायला कोणीतरी गाणारं लागतं.

मग मी घरच्या कपाटाकडे वळलो. रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे आयुष्यभर मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी त्याचं स्वतःचं गाणं यावं म्हणून लिहीत राहिले. अभंग, पदं, कीर्तनं. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापर्यंत आलो असं ते म्हणत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर आमच्या नाशिकच्याच, माहेर शेजारच्या जलालपूरचं. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं ते १९१९ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरं शिकवली, तिने नवऱ्याचं महाकाव्य पुढे लिहावं! 'स्मृतिचित्रे' सगळ्यांनी वाचलेलं असतं, ही गोष्ट मात्र फारशी कोणी बोलत नाही.

आणि टिळकांच्याही आधी, १६१६ साली, गोव्यात रायतूरला फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. एका इंग्रज पाद्रीने येशूचा जन्म मराठी ओव्यांत सांगितला, सुमारे ११ हजार ओव्या. ज्ञानेश्वरी ज्या छंदात आहे, आपल्या आज्या जात्यावर जे म्हणत होत्या, त्याच छंदात. म्हणजे हँडेलच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी मराठीत नाताळची गोष्ट गाऊन सांगायची सोय झालेली होती आणि आम्ही काय लावायचं म्हणून मोबाइल चाळतोय.

गेल्या वर्षीच्या प्रकारानंतर, ३१ च्या संध्याकाळी, मी आमच्या मंडळीतल्या गाणाऱ्यांचा मोबाइलवर घेतलेला टिळकांचा एक अभंग लावला होता. पेटी, ढोलकी, टाळ. शेजारच्या काकू फराळाचं ताट परत द्यायला आल्या होत्या. त्या वारकरी घरातल्या, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला दर वर्षी त्र्यंबकला चालत जातात. दारातच थांबल्या. हात आपोआप टाळ धरल्यासारखे हलायला लागले. दुसऱ्यांदा ध्रुपद आलं तेव्हा त्या म्हणतसुद्धा होत्या.

"अहो, हे तर आपलंच आहे. कोणाचं?"
"टिळकांचं."
"कोणाचं? लोकमान्यांचं?"

मग खुलासा करता करता चहा झाला आणि त्या दीड तास बसल्या. वीस वर्षं आमच्या घरी नाताळला येतात, दर वेळी पाच मिनिटांत ताट ठेवून जातात. आमची इंग्रजी गाणी चालू असताना त्या बिचाऱ्या काय करणार होत्या? पाहुण्याला बसायला खुर्ची दिली की झालं असं आपल्याला वाटतं. गाण्यातही जागा द्यावी लागते हे मला तेव्हा कळलं.

इथे एक सावधगिरी मला स्वतःलाच सांगायची आहे. "आपलं" "आपलं" करता करता छाती फार फुगायला नको. नाताळ हा शब्दच पोर्तुगिजांकडून आलेला. ज्या पेटीशिवाय आमचं आणि काकूंचं भजन उभं राहत नाही ती पेटी युरोपातून आलेली. मला कोरेल्ली काढून टाकायचा नाहीये. बाखने राजवाड्यातली चाल गव्हाणीजवळ आणली, टिळकांनी पंढरीच्या वाटेवरचा छंद आणला. काम एकच केलं, लोकांच्या कानात जे आधीच आहे ते उचललं. भाचासुद्धा त्याच्या परीने तेच करतोय म्हणा, त्याच्या कानात ठेका आहे. त्याला एवढंच सांगणं, की बाबा, आवाज कमी कर आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं झाल्यावर तुझं लाव.

आणखी एक. दोन तासांची यादी करूच नये असं माझं आता ठाम मत आहे. गप्पांच्या खाली अभंग लावून ठेवणं म्हणजे कोणी बोलत असताना त्याच्याकडे पाठ करून बसणं. वीस मिनिटांचं लावा, पण त्या वीस मिनिटांत सगळ्यांनी बसा. मग बंद करा.

असो. या दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन नाशिकरोडला आत्याकडे गेलो. चार दुपारी बसलो. घडी घडी आठवत, मध्येच दुसरीच गाणी म्हणत, तिने पाच कडवी दिली. ती म्हणते सात होती. तिसऱ्या कडव्याचा तो अडलेला शब्द सापडला. जेवताना अचानक म्हणाली, हातातला घास तसाच. चालही मोबाइलवर घेतली आहे. पण एका जागी, ओळीच्या मध्यावर सूर जरा वर जाऊन लगेच उतरतो. तो मूळचाच तसा आहे, की तिच्या गळ्याला आता तेवढंच चढवतं, हे मला कळत नाही. आमच्या मंडळीत पेटी वाजवणारे मामा आहेत, त्यांनी दोन्ही प्रकारांनी वाजवून दाखवलं. आत्या दोन्हींना म्हणाली, "हो, असंच."

तर यंदाचा बेत असा. २४ ला संध्याकाळी चांदणी लावताना कोरेल्लीचा शेवटचा भाग, जेमतेम चार-पाच मिनिटं. मग स्पीकर बंद. आत्या पाळणा म्हणेल. भाची पुण्याहून येते आहे, तिला मी पाच कडवी लिहून पाठवली आहेत, तिने पाठ केली असं म्हणते. भाच्यालाही पाठवली, त्याने अंगठा दाखवला, त्याचा अर्थ देव जाणे. आत्या अडली तर निदान एक आवाज तरी मागून यावा, बस. मग सगळ्यांनी मिळून एक अभंग, काकूंना टाळ दिले जातील. नंतर उपासनेला. बाख मी परत आल्यावर एकटाच ऐकेन, सवय आहे. आणि २५ ला दुपारी स्पीकर भाच्याच्या ताब्यात, बश्या काढून ठेवू.

नगर, जालना, सोलापूरकडची आपली नातेवाईक मंडळी हे वाचत असतील तर एक विनंती. तुमच्या घरी कोणी म्हातारी आजी, काकू, मावशी हा पाळणा म्हणत असेल तर उरलेली दोन कडवी विचारा. आणि ती म्हणेल तेव्हा मधल्या ओळीतला तो सूर वर जातो का, तेवढं नीट ऐका.